दहा बाय दहा बाय एक

आमच्या वाशी भागात खुरपणीला बायका रानात उतरल्या की आधी पाती लागतात. पात म्हणजे एकीनं धरायचा पट्टा, दोन-तीन ओळींचा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मालक बांधावर उभा राहून "चला, उरका" करत असतो, पण पात कुणी किती ओळींची धरायची हे बायकाच ठरवतात. जिचं लेकरू अंगावर पितंय तिला एक ओळ कमी. नवी लग्न होऊन आलेली पोर दोन जाणत्या बायकांच्या मधे, म्हणजे ती मागं पडली तर दोन्हीकडून एकेक हात तिच्या ओळीत जातो. हे कुणी बोलून दाखवत नाही. पात बांधाला लागली की सगळ्याजणी एकदम उभ्या राहतात, कंबर धरतात, पदरानं तोंड पुसतात आणि मागं वळून केलेलं रान बघतात. मग दुसरी पात.

आई म्हणायची, "बांध दिसला पायजे रं. बांध दिसत नसला की हात जड पडत्यात."

मी पुढं सरकारी कामावर तीसएक वर्षं काढली. त्या तीस वर्षांत 'उद्दिष्ट' हा शब्द मी किती कागदांवर वाचला आणि किती कागदांवर लिहिला याची मोजदाद नाही. प्रशिक्षणाला आलेले शहरातले साहेब फळ्यावर बाण काढून उद्दिष्ट कसं ठरवावं हे सांगायचे. उद्दिष्ट स्पष्ट पाहिजे, मोजता आलं पाहिजे, माणसाला हुरूप आला पाहिजे. खोटं काही नव्हतं त्यात. पण मला दर वेळी वाटायचं, हे आमच्या आईला कुणी शिकवलं?

बहात्तरच्या दुष्काळात मी पाचवीत होतो. वाशी तेव्हा तालुका नव्हता. मोठं खेडं, आठवड्याचा बाजार, एवढंच. आदल्या वर्षीही पाऊस तुटकच झाला होता, बहात्तरला तर पेरलेलं उगवून करपलं. विहिरी तळाला गेल्या. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापता थापता तुटायची. कामावर सुकडी मिळायची. आम्ही पोरं सुकडीच्या आशेनंच आईबरोबर कामावर जायचो, हे कबूल करायला लाज कसली. सगळ्या महाराष्ट्रात अशी कामं निघाली होती. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, हे मी पुढं नोकरीत असताना वाचलं. तेव्हा आम्हाला फक्त आमच्या रस्त्याच्या कडेची रांग ठाऊक.

आमच्या वाट्याला पहिलं काम आलं ते खडी फोडायचं. बाया रस्त्याच्या कडेला ओळीनं बसायच्या. पुढ्यात दगड, हातात हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ठराविक आकाराची खडी फोडायची, ती लाकडी पेटीत भरायची, पेटी भरली की मुकादम रेघ मारायचा. किती पेट्या त्यावर मजुरी. यापेक्षा स्पष्ट उद्दिष्ट जगात कुठलं असेल? पेटी भरली का नाही हे आंधळ्यालाही हात लावून कळेल. दिवसाला दोन-तीन रुपये पडायचे आणि त्या दोन-तीन रुपयांवर आमचं घर जगलं, म्हणून त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. ज्यांनी उपाशी दिवस काढले नाहीत त्यांनी ठेवावीत.

पण त्या खडीचं पुढं काय झालं, ते सांगायला पाहिजे. ढीग लागले. फर्लांगभर लांब, एकसारखे, कडेनं चुना मारलेले. रस्ता काही झाला नाही. पुढच्या वर्षी पाऊस आला, ढिगांवर गवत आलं. मी आठवीला गेलो, दहावीला गेलो, ढीग तिथंच. पोरं त्यांच्यातले खडे बोरीवर मारायची. दहावीच्या वर्षी एकदा बाजारातून येताना आई एका ढिगाजवळ थांबली आणि चपलेनं दोन खडे बाजूला सारून म्हणाली, "ह्यो आपलाच असंल बग. माजी खडी बारीक असायची." मी काही बोललो नाही. आईच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या कामानं गेलं ते पुन्हा नीट आलंच नाही.

नंतर त्याच उन्हाळ्यात, म्हणजे त्र्याहत्तरच्या, शेजारच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं आणि खडीवरच्या बऱ्याच बाया तिकडं गेल्या. इथं मापाचं नाव होतं 'दहा बाय दहा बाय एक'. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल, म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. माती उकरल्यावर खोली किती होती हे कळावं म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उभा खांब तसाच राखायचा. साहेब आला की त्या खांबाला टेप लावणार. काही गडी रात्रीतून खांबाच्या माथ्यावर वर ढेकूळ बसवून, पाणी मारून, खांब वाढवायचे. मुकादम सकाळी येऊन नुसती लाथ मारायचा, की ढेकूळ खाली. दोघंही हसायचे. हा खेळ रोजचा.

मजुरी तीच, ऊन तेच, सुकडी तीच. पण आईची चाल बदलली होती, हे मला लहान असून कळत होतं. खडीवरून येताना ती बोलायची नाही. तलावावरून येताना बोलायची. कारण तिथल्या मुकादम तात्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओढ्याच्या काठावर नेऊन काठीनं दाखवलं होतं: बांध या टेकाडापासून त्या चिंचेपर्यंत, पाणी या खडकापर्यंत, आणि मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना. खालच्या कोणत्या विहिरींना, तेही नावानिशी सांगितलं. त्यातली एक आमच्या भावकीची होती. आमच्या वाट्याला त्या विहिरीची पाळी वर्षातून मोजून काही दिवस, पण आई घरी येऊन बापाला सांगत होती, "आपल्या हिरीला पाणी येनार हाय." जणू उद्याच.

त्या तात्यांना लिहितावाचता फारसं येत नव्हतं. मजुरांच्या हजेरीचा कागद ते दुसऱ्याकडून भरून घ्यायचे.

पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा आधी प्रयोग झाला होता. कायदा १९७७ ला विधिमंडळात आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता द्यायचा. दुष्काळात सरकारनं दया म्हणून काढलेलं काम आता मागून घ्यायचा हक्क झालं. मी बारावी होऊन दोन-तीन वर्षं गावातच होतो. १९८३ ला मला याच योजनेवर हजेरी सहायक म्हणून घेतलं. काम साधं: सकाळी मस्टर घेऊन जायचं, नावं पुकारायची, अंगठे-सह्या घ्यायच्या, गटागटाला जागा आखून द्यायची, आठवड्याला मोजणीच्या वेळी अभियंत्याच्या टेपचं दुसरं टोक धरायचं. आईला भारी अभिमान. ती म्हणायची, "आता तू लाथ मारनार व्हय ढेकळाला?"

१९८६ चा उन्हाळा माझ्या चांगला ध्यानात आहे. बालाघाटच्या कुशीतल्या एका ओढ्यावर पाझर तलाव चालू होता. दोन्ही बाजूंचा बांध आदल्या वर्षी झाला होता, मधे ओढ्याच्या पात्रात घळ मोकळी ठेवली होती, पावसाळ्याचं पाणी जायला. आता ती घळ भरायची होती. ज्यांनी मातीचं धरण होताना पाहिलंय त्यांना घळभरणी म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: घळ भरायला घेतली की ती एका उन्हाळ्यात भरलीच पाहिजे. अर्धी राहिली आणि मृगाचा पाऊस आला, तर पाणी साठतं, अर्ध्या भरावावरून पडतं, आणि माती नेतं. नुसती या वर्षीची माती नाही. दोन्ही बाजूंचा आदल्या वर्षीचा बांधही कापत जातं. आणि खालच्या वस्तीत माणसं असतात.

काम सुरू व्हायलाच एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला. कागद अडला होता कुठंतरी. मृग निघतो ७ जूनला. हातात दिवस चाळीस. घळ वीस फूट उंच. आमच्या नव्या कनिष्ठ अभियंत्यानं हिशेब केला तर भराव निघाला सातशे वीस ब्रास, रोज अठरा ब्रास. मजूर सत्तर-ऐंशी. होण्यासारखं होतं, पण रोज व्हायला पाहिजे होतं. आणि पहिल्या आठवड्यात दिवसाला बारा-तेराच्या वर जाईना.

अभियंता पोरगा होता, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, खाली सोलापूरकडचा. त्यानं सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "रोज अठरा ब्रास झालं पाहिजे. अठरा म्हणजे अठरा." बाया गप्प. गडी गप्प. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेरा.

माणसं आळशी होती म्हणावं, तर तीच माणसं. मजुरीचे दोन हप्ते थकले होते, हे एक कारण होतंच, आणि ते मोठं कारण होतं. पैसे न देता हुरूप मागणाऱ्यांचा मला आजही राग येतो. लग्नसराईचे दिवस होते. पण आणखी एक गोष्ट होती, ती एका म्हाताऱ्या बाईनं सांगितली. सगळं काम तिला आत्या म्हणायचं. बहात्तरला तीही खडीवर होती. अभियंता तिला म्हणाला, "आत्या, तुम्ही तरी सांगा यांना." तशी ती टोपलं उलटं टाकून त्याच्यावर बसली आणि म्हणाली, "सायेब, आमी हितं खानीत माती उकरतोय. आमाला नुसता खड्डा दिसतुया, रोज खाली खाली चाललेला. तुमचा बांध वर चाललाय म्हनं. त्यो आमाला कुटं दिसतुया?"

खरंच होतं. काळ्या मातीची खाण होती दोनशे पावलांवर, आडबाजूला. खणणारे खाणीत, वाहणारे वाटेत, पसरणारे आणि पाणी मारून चोपणारे तेवढे घळीत. सत्तरातल्या साठ माणसांना बांध दिसतच नव्हता. त्यांच्या अंगानं काम म्हणजे एक भोक, जे भरत नाही, वाढत जातं.

अभियंता त्या रात्री वस्तीवरच राहिला. सकाळी त्यानं एक लांब बांबू आणवला, चुना कालवला, आणि बांबूवर पट्टे मारायला बसला. मला म्हणाला, वीस पट्टे, एक पट्टा दोन दिवसांचा. मी म्हणालो, मग एकेक फुटाचा एकेक पट्टा, सोपं आहे. तो हसला. म्हणाला, "बांधाचा तळ बघ केवढा रुंद आहे आणि माथा केवढा. तळाला एक फूट भरायला तीन दिवस लागणार, माथ्याला एका दिवसात दोन फूट चढेल. फुटाफुटाचे पट्टे मारले तर पहिल्या दहा दिवसांत यांची उमेद मरेल." त्यानं पट्टे कामाच्या मापानं मारले. सगळ्यात खालचा जेमतेम वीतभर, वर वर रुंद होत गेलेले, सगळ्यात वरचा कमरेएवढा. एक पांढरा, एक मोकळा. तो बांबू घळीच्या कडेला अशा जागी रोवला की खाणीच्या तोंडावर उभं राहिलं की दिसावा.

माझ्या नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण समोरच्याला आपलं काम कुठून दिसतं एवढा विचार करून पट्टे मारणारा तेवढा एकच.

आणि सगळ्यात वर, बांबूच्या टोकाला, आत्यानं आपल्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. तिथवर पाणी कधीच जाणार नव्हतं. ती जागा बांधाच्या माथ्याची. पण कुणी तिला तसं सांगितलं नाही.

त्या दिवसापासून काय झालं ते फुगवून सांगणार नाही. एका दिवसात अठरा झालं नाही. तीन दिवस पंधरावर होतं. पण बोलणं बदललं. वाहणाऱ्या बाया खाणीवर परत आल्या की खालून कुणीतरी विचारायचं, "कितवा पट्टा?" "चौथा बुडाला." "बुडाला?" "अर्दा हाय अजून, खोटं कशाला बोलू." मातीत पट्टा बुडतो, म्हणून बुडाला हाच शब्द पडला. मी मस्टरवर ब्रासचे आकडे लिहायचो, ते कुणी विचारायचं नाही. मग दोन गटांत चढाओढ लागली. मग पाणी वाहणाऱ्या म्हाताऱ्यानं आपण होऊन एक फेरी वाढवली, कारण पाण्यावाचून चोपणी थांबायची. एकदाचा थकलेला हप्ता आला, एकदम दोन आठवड्यांचा, तेव्हा गेलेले आठ-दहा गडीही परत आले. मेच्या मध्यावर आम्ही रोज अठराच्या वर होतो. एक दिवस बावीस भरलं. अभियंत्यानं पुन्हा टेप लावला, त्याला खरं वाटेना.

एक गोष्ट मात्र त्यानं सोडली नाही. थर नऊ इंचांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि चोपल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही. पट्टे बुडवायच्या नादात गडी जाड थर टाकायला लागले, तेव्हा त्यानं अर्ध्या दिवसाची माती मागं ओढायला लावली. भांडण झालं. आत्याच पुढं झाली: "वर वर चढलेलं पान्यानं निऊन टाकल्यावर काय करशील रं मुडद्या?" असं त्या गड्याला म्हणाली आणि स्वतः फावडं घेतलं.

चार जूनला संध्याकाळी वळीव आला. धो धो. डोंगरातून ओढा भरून आला आणि पहिल्यांदाच बांधाला अडून उभा राहिला. आम्ही सगळे, मजूरसुद्धा, रात्री कंदील घेऊन टेकाडावर. शेवटचा पट्टा राहिला होता, कमरेएवढी उंची. सांडव्याची पातळी माथ्यापासून सहा फूट खाली, म्हणजे आमचा भराव सांडव्याच्या वर तीन फूट होता. ते तीन फूट सगळ्यांना बांबूवर दिसत होते. पाणी त्या रात्री सांडव्याच्या आसपासही गेलं नाही, तळात साठून राहिलं. पण कुणी झोपायला गेलं नाही. सकाळी उघडीप झाली तशी, चिखल थोडा वाळू दिला आणि शेवटचा पट्टा भरायला घेतला.

दिवाळीला खालच्या तीन विहिरींत पाणी चढलं होतं. माघात एकीला अजून टिकून होतं. तेवढंच.

नोकरी पुढं गेली. मस्टरवरचे आम्ही सहायक अनेक वर्षं भांडून शेवटी सेवेत सामावलो गेलो, आणि मी एका कार्यालयात टेबलावर बसलो. तिथं उद्दिष्टं वरून यायची. जिल्ह्याला एक आकडा, तो तालुक्यांत वाटायचा, तालुक्याचा गावांत. मार्चअखेर जवळ आला की 'उद्दिष्ट' आणि 'साध्य' असे दोन रकाने. शाळेत असताना, १९७६ ला, आमच्या गुरुजींच्या मागं नसबंदीच्या केसेसचा तगादा मी पाहिला होता. आणीबाणीत मास्तर लोक बाजाराच्या दिवशी ओळखीच्यांना गाठून गयावया करायचे. कुटुंबनियोजनाची असली उद्दिष्टं सरकारनं १९९६ च्या एप्रिलात बंद केली. वीस वर्षं लागली. पण रकाने राहिले, त्यात नवे आकडे आले.

संडासांचं घ्या. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, तेव्हा काही गावं खरोखर पेटली होती. गावाला गुण मिळायचे, दुसऱ्या गावचे लोक बघायला यायचे, बाया पहाटे उठून रस्ते झाडायच्या. त्या मानानं नंतर आकड्यावर जे संडास झाले त्यांची गत मी सांगतो. एका गावी माझ्या वरिष्ठांबरोबर पाहणीला गेलो. कागदावर एकशे नऊ. एका घरी दार उघडलं तर आत गोवऱ्या, वरपर्यंत नीट रचलेल्या. घरची म्हातारी म्हणाली, "पावसात भिजत न्हाईत बरं का, लई चांगलं करून दिलंय." वरिष्ठ म्हणाले, बांधकाम झालंय ना, लिहा. लिहिलं गेलं. म्हातारीला कुणी विचारलं नव्हतं, पाणी कुठून आणणार. हातपंप अर्ध्या मैलावर.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर वेगळंच. आमच्या भागातून दसरा-दिवाळीला कोयते निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांचं उद्दिष्ट आधीच खर्च झालेलं असतं, उचलीच्या रूपानं. टनामागं टन तोडायचे ते मागचं फेडायला. तिथं हुरुपाची भाषा कुणी करू नये.

२०१८ ला केंद्र सरकारनं देशातले मागं पडलेले जिल्हे निवडले, 'आकांक्षित जिल्हे' म्हणून. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आमचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. एकोणपन्नास निकष, आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी वगैरे पाच विषयांचे, आणि कुठल्या जिल्ह्यानं किती प्रगती केली याची क्रमवारी. मी तोवर निवृत्तीच्या काठावर होतो. अंगणवाडीताईंच्या वजनकाट्यावर एकदम पुष्कळांचं लक्ष गेलं, हे चांगलंच झालं. एक ताई मला म्हणाली, "भाऊ, मी लेकराचं वजन करते तवा त्याच्या आईला तक्त्यावर बोट ठिवून दावते, ह्या हिरव्या रेघंत आनायचं आपल्याला. मग ती आपनहून येती." मला बांबू आठवला. तिला तो जिल्ह्याचा क्रमांक किती आहे ते माहीत नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं.

त्याच सुमाराला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपची हवा होती. २०१९ ला बार्शी तालुक्यातलं सुर्डी राज्यात पहिलं आलं. बार्शी आम्हाला दवाखान्याची, बाजाराची. त्यामुळं सुर्डीच्या गोष्टी एसटीत ऐकायला मिळायच्या. पहाटे उठून अख्खं गाव डोंगरावर चर खोदायला. मोजमाप तेच, लांबी-रुंदी-खोली, फक्त ब्रासऐवजी घनमीटर, आणि मजुरी नाही. शहाणी माणसं म्हणाली, बक्षिसासाठी करतात. असेलही. पण पन्नास दिवस नुसत्या बक्षिसासाठी उठवतं का कुणाला पहाटे? आणि दुसरंही खरं आहे: ज्याच्या रानात विहीर आहे त्याला चर खोदायला हुरूप येणारच. ज्याला रानच नाही, तो कुणाच्या विहिरीसाठी खोदतो, हा प्रश्न बहात्तरलाही होता. आईनं आमच्या चार दिवसांच्या पाळीसाठी मैलभर माती वाहिली. ज्यांची पूर्ण विहीर होती त्यांच्या घरचं कुणी त्या कामावर नव्हतं.

माझा मुलगा पुण्यात एका कंपनीत आहे. दर वर्षी त्याला स्वतःची उद्दिष्टं भरून द्यावी लागतात. पाच-सहा मुद्दे, प्रत्येकाला टक्के. एकदा सुट्टीत आला होता तेव्हा लॅपटॉप मांडीवर घेऊन तो ते भरत बसला होता आणि वैतागला होता. मी विचारलं, हे झाल्यावर काय होतं? म्हणाला, साहेबांच्या उद्दिष्टाला जोडलं जातं. आणि साहेबांचं? त्यांच्या साहेबांच्या. मी म्हणालो, शेवटी काय बनवता तुम्ही? त्यानं सांगायचा प्रयत्न केला, मला कळलं नाही. दोष माझ्या समजुतीचा असेल. मग त्यालाच मी घळभरणीची हकीकत सांगितली. त्याला पट्टे कमीजास्त रुंद का, ते पटकन कळलं. ते मला कळायला त्या वेळी रात्र लागली होती.

तो ऐंशीच्या दशकातला तलाव आता गाळानं भरला होता. पाणी दिसायचं, पण मुरायचं नाही, विहिरी कोरड्याच. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तिथं जेसीबी आला. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रांगेत, गाळ रानात न्यायला. काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ; प्रत्येकाला जास्त पाहिजे. ऑपरेटर परप्रांतातला पोरगा. तो विचारत होता, किती खोल जाऊ? एकजण म्हणाला सहा फूट, दुसरा म्हणाला निघंल तेवढं काढ. मीही तिथं उभा होतो, बघ्यांत.

आत्याची सून आली होती, आता तीही साठीची. त्या वर्षी ती खाणीवर नवी नवरी होती, दोन जाणत्या बायकांच्या मधे. ती सरळ जेसीबीच्या पुढ्यात गेली आणि ऑपरेटरला हातानंच थांबवलं. त्याला मराठी येत नव्हती. तिनं खाली वाकून गाळाची मूठ उचलली, दाखवली, टाकली. मग काठावरचा पिवळसर मुरूम उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"हे लागलं की थांबायचं," ती म्हणाली. "हेच्यातून पानी मुरतंय. हेच्या खाली न्हाई जायचं."

पोरानं मुरूम बोटात चुरून बघितला, मान हलवली आणि यंत्र चालू केलं. साडेचार फुटांवर पिवळं दिसलं तसा तो थांबला, हॉर्न वाजवला आणि तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "हां. आता पलीकडं घे."